नंदाचा उपास

३० मे, सोमवार

नंदा आज कामावर पडली. जेवणाच्या सुट्टीआधी, रॅकच्या दोन रांगांमध्ये. मी पोचले तेव्हा तिच्यासोबत काम करणाऱ्या सत्यभामानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं वारा घालत होती. अंग तव्यासारखं. घाम नाही — अजिबात नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. डोळे उघडे होते, पण तिनं मला ओळखलं नाही.

नौतपा चालू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. वर पत्रा. माल चोरीला जाऊ नये म्हणून शटर खाली ओढलेली. पंखे आहेत, ते गरम हवा इकडून तिकडे करतात.

गाडी येईपर्यंत ओले टॉवेल घातले. दुबे साहेब, आमचे गोदामाचे मॅनेजर, कानाला फोन लावूनच आले. दिल्लीच्या ऑफिसशी बोलत होते. फोनवर हात ठेवून मला विचारलं, "बीमार थी क्या पहले से?"

आजारी म्हटलं असतं तर ठेकेदारानं तिला परत घेतलंच नसतं. मागच्या उन्हाळ्यात चक्कर आलेल्या एका मुलीला असंच 'अनफिट' म्हणून घरी बसवलं. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. सकाळी फाटकाशी बायका लाल साड्या नेसून, भांग भरून आलेल्या दिसल्या होत्या. सत्यभामानं वडाच्या पूजेचा प्रसादही माझ्या हातावर ठेवला होता. मी म्हटलं, "नहीं सर, आज वट सावित्री है. व्रत होगा."

साहेबांचा चेहरा सैल झाला. फोनमध्ये म्हणाले, व्रत होतं, सर, गर्मीत बाया ऐकत नाहीत.

मी अंदाजानं बोलले, त्यांनी पक्कं करून टाकलं. असो. तिची जागा तरी राहील. वेल्फेअर ऑफिसरचं काम आणखी काय असतं?

३१ मे

नाही — चुकलं.

सकाळी फाटकावर कागद लागलाय: उपास असलेल्या महिलांनी ड्यूटीवर येऊ नये, आल्यास जबाबदारी त्यांची. दवाखान्यातही आमच्या गार्डनं हेच सांगितलं, डॉक्टरांनी हेच लिहून घेतलं. दुबे साहेबांनी मला बसवून नीट समजावलं. उन्हानं पडली असती तर ती कामावरची इजा. खर्च कंपनीच्या विम्यातून, आणि बरी झाल्यावर जागा तिचीच. उपासानं पडली तर तिची ती. "अच्छा हुआ आपने टाइम पर बता दिया," म्हणाले.

म्हणजे मी जे तिच्यासाठी बोलले ते कंपनीच्या कामी आलं.

आणि एक गोष्ट आत्ता पोळ्या लाटताना सुचली. काल अमावास्या होती. वट सावित्री अमावास्येला इथल्या हिंदी बायका करतात. आपल्या मराठी बायका पौर्णिमेला करतात — माझीच अजून व्हायचीय! नंदा तर मराठी. एका मराठी बाईला हे सुचू नये?

१ जून

ऑफिसातून तशीच दवाखान्यात गेले. नंदा काचेपलीकडच्या खोलीत आहे. शुद्ध येते-जाते, बोलते त्याला अर्थ नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना मार बसलाय. आणलं तेव्हा अंगात पाणी म्हणून नव्हतं, सकाळपासून घोटभरही प्यायली नसावी.

दयाराम, तिचा नवरा, दाराशी स्टुलावर बसून होता. तो ई-रिक्षा चालवतो. आत सोडतात तेव्हा तो ओल्या फडक्यानं तिचे तळपाय पुसतो. फार हळू, एकेक बोट सोडवून. मला बघवेना आणि नजरही काढता येईना.

एक सिस्टर सलाईन बदलायला आली. जाताना त्याला म्हणाली, "भैया, किस्मत वाले हो. आजकल पति के लिए इतना कौन करता है?" तो लाजल्यासारखा हसला. ती गेल्यावर मला म्हणाला,

"ताई, तिनं खरंच माह्यासाठी केलं असन का?"

 माझ्या उत्तराची वाट न पाहता तोच बोलत राहिला. त्यांच्यात हे नसतं. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तिसरा नाही. लग्न झाल्यापासून नंदानं कधी वडाला दोरा बांधला नाही. पण कामावर सगळ्या बाया करतात, तिलाही वाटलं असेल. आईपासून लपवून केलं असेल. गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली, तेव्हापासून ती त्याला फार जपते. "मी तिले रागावणार नाई. उठू दे फक्त. एवढंच म्हणन, माह्या जिवासाठी तुहा जीव काहून?"

तेवढ्यात त्याची आई डबा घेऊन आली. पार्वताबाई. काटकुळी, पांढरं पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उपासाचं दवाखान्यातून तिच्याही कानावर आलं होतं. मला नमस्कार न करता तिनं सरळ विचारलं, कोणी सांगितलं हे?

मी म्हटलं, कंपनीत असं समजलं. (समजलं! हा शब्द मी वापरला.)

"सकाळी पोरीनं माह्या हातची भाकर खाल्ली. वांग्याची भाजी खाल्ली. चहा घेतला," ती म्हणाली. "माह्या मायनं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, मी तिच्या कडेवर होतो. तवापासून आमच्या घरात उपास नाई, नवस नाई. पौर्णिमेले विहारात जाऊन मी अष्टशील घेतो, दुपारनंतर जेवत नाई, ते अलग. झाडाले दोरे बांधणं अलग." मग मुलाकडे वळून, "अन् तुले गोड लागून राहिलं वाटते हे?"

दयाराम खाली मान घालून डबा उघडू लागला.

जे त्यांनी घरातून एवढ्या कष्टानं बाहेर काढलं होतं ते मी दोन शब्दांत परत आत नेऊन ठेवलं. आणि आता तो माणूस त्यालाच धरून बसलाय.

२ जून

भाजीत दोनदा मीठ पडलं. श्यामसुंदर, माझे यजमान, दही घालून जेवले.

३ जून

आज संध्याकाळी श्यामसुंदरांना म्हटलं, नदीवर, ग्वारीघाटला जाऊ. त्यांनी शाळेच्या वह्या तपासायच्या ठेवून स्कूटर काढली. पायऱ्यांवर बसलो. पलीकडून गुरुद्वाऱ्यातून परतणाऱ्यांची नाव येत होती. फुलवाली दोनदा फुलांचा द्रोण पुढे करून गेली, तिसऱ्यांदा आलीच नाही. चेहऱ्यावरून कळलं असेल.

सगळं सांगितलं. ते ऐकतात तेव्हा मध्ये बोलत नाहीत, हे एक सुख आहे त्यांचं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "दयेनं खोटं बोललीस हे मला कळतं, वसू. पण तुला हेच खोटं का सुचलं?"

मला रागच आला. पण उत्तर होतं. हे खोटं सुचायला मला विचारच करावा लागला नाही. मराठी बाई, गळ्यात काळी पोत, कपाळाला टिकली — म्हणजे आपल्यातलीच. त्या सबंध गोदामात मी फक्त नंदाशी मराठीत बोलते. येता-जाता दोन वाक्यं: "काय गं, आज काय डब्यात?" "आलूची भाजी, तुमाले पाह्यजे का?" त्या दोन वाक्यांवर मी धरून चालले की आम्ही एकाच घरातल्या. तिच्या घरात कोणते फोटो आहेत हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही कारण — खरं लिही — विचारलं तर फरक कळेल, म्हणून.

नोकरीचं मीच काढलं. सांगितलं तर जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे असं मी म्हणणार नाही. नोकरी तुझी आहे, तिच्यावर मी कशाला मोठेपणा करू?"  उठताना त्यांनी माझ्या चपला सरळ करून ठेवल्या.

४ जून

दयारामला सांगितलं.

दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं. वाटलं होतं, सावकाश सांगावं. पण चहा येण्याआधीच तोंडातून गेलं. नंदानं उपास केला नव्हता, दयाराम. कोणी पाहिलेलं नाही. ते मीच साहेबांना सांगितलं, तिची जागा वाचावी म्हणून.

चहा आला. त्यानं ग्लास हातात धरला. मी माफी मागितली. नुसती मान हलवली त्यानं. टपरीवाल्याचा रेडिओ वाजत होता, कोणी बंद करेल तर बरं असं वाटत होतं.

"म्हणजे नव्हतं केलं," तो म्हणाला.

"नाही."

"बरं झालं." मग म्हणाला, "आईची बात खरी निघाली." आणि मग — हे मी जन्मात विसरणार नाही — "चार दिवस वाईट वाटून राहिलं होतं, ताई. पण आतून बरंही वाटे. कोणी आपल्यासाठी एवढं केलं म्हणून."

मी म्हटलं, ती रोज बारा तास उभी राहते, ते कोणासाठी रे? तो म्हणाला, हो, तेही आहे. पण माझ्या समाधानासाठी म्हणाला. चहाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

मग आत जाऊन फडकं ओलं केलं आणि पुन्हा तिच्या पायाशी बसला. तसाच. तितक्याच हळू.

५ जून, रविवार

उद्या साहेबांना सांगायचं. आज फक्त पंख्याखाली पडून राहिले. भ्यायले आहे.

६ जून

सांगितलं. वाटलं होतं, आरडाओरडा होईल. झाला नाही. दुबे साहेब वाईट माणूस नाहीत; रोज पाटनहून येऊन-जाऊन नोकरी करतात, त्यांनाही वरून फोन येतात. पाणी मागवलं, मला दिलं. मग एकच गोष्ट विचारली.

"व्रत नहीं था, तो सुबह से पानी क्यों नहीं पिया उसने?"



ते म्हणाले, डॉक्टरचं म्हणणं तुमच्यासमोर आहे. अंगात पाणी नव्हतं. गोदामात कूलर आहेत, थंड पाण्याचे, आणि ते तुम्हीच भांडून लावून घेतलेत. कोणी प्यायला अडवलं? मग न पिण्याचं कारण व्रत नाही तर काय?

खरं आहे. त्या कूलरसाठी मी दोन उन्हाळे दिल्लीला पत्रं लिहिली. लागले त्या दिवशी नारळ मी फोडला. गोदामातली कोणती एक गोष्ट माझी आहे असं विचारलं, तर मी त्या कूलरकडे बोट दाखवेन. आज तेच माझ्याविरुद्ध उभे.

ते म्हणाले, लोक बोलतील, मॅडमनी आपल्या मराठी बाईसाठी बात पलटवली. मग हळूच, थोडे दिवस घरी आराम करा. केबिनची किल्ली मी स्वतःहूनच टेबलावर ठेवली. त्यांनी मागायला नको म्हणून.

का प्यायली नाही ती?

७ जून

मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरी! कुंडीतल्या तुळशीला दोनदा पाणी घातलं.

८ जून

नंदा बोलली.

कालपासून ओळखू लागली होती, आज उशीला टेकून बसली होती. ओठ सोललेले, आवाज अगदी बारीक. पार्वताबाई भाताची पेज चमच्यानं भरवत होती. मला पाहून म्हातारीनं सरकून स्टूल दिलं. दयारामनं तिला सगळं सांगितलं असणार. मी तिच्याही पायाशी वाकून माफी मागायला गेले तर म्हणाली, "राहू द्या बाई, मोठ्या घरच्या पोरी वाकल्या की आमच्या कमरा दुखते." दयाराम हसला. मीसुद्धा.

मग नंदाला विचारलं. सरळच. सकाळी जेवलीस, चहा घेतलास, मग पाणी का नाही प्यायलीस? कूलर तर पंधरा पावलांवर.

तिला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारला. मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलीकडे पाहतात.

"ताई, पाणी कोणीच नाई पीत."

बाथरूम फाटकाच्या बाहेर आहे, लॉकरच्या पलीकडे. जाताना अंगाची तपासणी, येताना तपासणी, आणि तपासणारी बाई एकच. बाहेर पाऊल टाकलं की हातातल्या गनवर — ज्या यंत्रानं त्या माल मोजतात — वेळ लाल दिसू लागते. लाल वाढलं की पुढच्या आठवड्याच्या हजेरीत नाव येत नाही. कोणी ओरडत नाही, कोणी अडवत नाही. नुसतं नाव येत नाही. म्हणून घरून निघताना चहा घ्यायचा, घरून निघतानाच जाऊन यायचं, आणि मग सुट्टी होईपर्यंत पाणी तोंडात धरून थुंकायचं. नवी आलेली पोरगी पहिल्या आठवड्यात ढसाढसा पिते, मग जुन्या बाया तिला शिकवतात. नंदाला सत्यभामानं शिकवलं. नंदानं आणखी दोघींना.

"आमच्या पाळीच्या दिवसात तर विचारूच नका," म्हणाली, आणि दयारामकडे पाहून थांबली.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

मला वाईट वाटेल असं तिला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. तिनं चादरीची किनार चिमटीत धरली. मग म्हणाली, "तुम्ही किती हौसेनं लावले ते कूलर. नारळ फोडला. आम्ही म्हटलं, असू दे. येता-जाता दर्शन घेतो."

"बुद्धाच्या पोरी, कूलरचं दर्शन घेऊन राहिल्या," पार्वताबाई म्हणाली, आणि पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला.

माझ्या केबिनला लागून बाथरूम आहे. आत साबण, आरसा, टॉवेल. दिवसातून किती वेळा जाते मी? कधी मोजायची वेळच आली नाही. टेबलावर तांब्याची बाटली असते, श्यामसुंदर रोज भरून देतात. ती बाटली घेऊन मी फ्लोअरवर फिरायचे आणि बायकांना सांगायचे — पाणी पीत जा गं, गर्मी आहे!

नंदा थकली. डोळे मिटण्याआधी म्हणाली, ताई, माझी जागा जाईल का? मी म्हटलं, नाही. कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही. पुन्हा एक खोटं झालं का हे?

१० जून

लेबर ऑफिसात जाऊन जबाब दिला. सगळा — माझं खोटंसुद्धा. लिहून घेणारे निरीक्षक तरुण आहेत, चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, सोमवारी गोदामात येऊन स्वतः पाहीन. पण मॅडम, कूलर आहेत, बाथरूम आहे, कोणी अडवत नाही. मी जाऊन लिहू काय? नंदाचा जबाब तिच्या फायद्याचा, तुमचा एकदा बदललेला. तिथं काम करणाऱ्या बायकांनी सांगायला हवं.

बरोबर बोलले. माझ्या शब्दाची किंमत मीच कमी केली.

११ जून

इथल्या गोरखपूर बाजारात सत्यभामा दिसली. ती मला पाहून कांद्याच्या ढिगाऱ्याआड वळली. मी मागे गेले. जायला नको होतं.

तिला म्हटलं, सोमवारी फक्त खरं सांगायचं, बाकी काही नाही. ती दोडके निवडत राहिली. तिच्या घरी कमावणारी ती एकटी, सासरा अंथरुणाला खिळलेला. शेवटी म्हणाली, "दीदी, आप तो घर बैठ जाओगी. भैयाजी की मास्टरी है. हम मुँह खोलें तो शाम को चूल्हा कैसे जलेगा?"

 तिनं नंदाची चौकशी केली. कशी आहे, पेज घेते का, केस कोण विंचरतं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती भाव न करता दोडके घेऊन निघून गेली.

घरी येऊन बराच वेळ विचार करत होते. मी तिला धाडस करायला सांगत होते, ते कोणाच्या जिवावर? माझं मन हलकं व्हावं म्हणून तर नव्हे? नंदासाठी किती आणि माझ्या खोट्याची फेड म्हणून किती — वेगळं काढता येत नाही.

आता कोणाला काही म्हणणार नाही.

१२ जून, रविवार

नंदाला घरी सोडलं दवाखान्यातून. दयारामनं रिक्षात जुनी गादी अंथरली होती. मी तिला धरून मागे बसले. रांझीला त्यांच्या घरापर्यंत प्रत्येक गतिरोधकापाशी तो रिक्षा थांबवी, मागे वळून बघे, आणि मग एकेक चाक उतरवी. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. एकानं ओरडून विचारलं, काँच भरा है क्या? हा म्हणाला, "हाँ भैया, काँच है."

नंदा उन्हाकडे तोंड करून हसत होती.

दाराशी पार्वताबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं. आत नेताना दयाराम मला हळूच म्हणाला की, दवाखान्याचं बिल कंपनीनं भरलं नाही तर ही रिक्षा विकावी लागेल. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. नंदाला सांगू नका.

उद्या निरीक्षक येणार. मला बोलावलेलं नाही.

१३ जून, सोमवार

आत्ताच सत्यभामाचा फोन आला, फाटकाबाहेरून, लॉकरमधून फोन काढून. निरीक्षक सकाळीच आले. दुबे साहेबांनी त्यांना कूलर दाखवले. जबाब द्यायला एकही बाई पुढे गेली नाही. मग सगळ्या जणी एकेक करून कूलरपाशी गेल्या आणि पोट भरेपर्यंत पाणी प्यायल्या. कोणी अडवलं नाही. थोड्या वेळानं बाथरूमची रांग फाटकाबाहेर अंगणात गेली आणि आत माल वाहून नेणारा पट्टा थांबला, कारण माल टाकायला कोणी उरलंच नाही. निरीक्षक विचारतायत, पट्टा का थांबला? दुबे साहेबांना सांगता येत नाहीये.

मी काहीतरी बोलणार होते. तिनं मध्येच तोडलं.

"रखती हूँ दीदी. मेरा नंबर आ गया."